रायफलचा दस्ता आणि नेमबाजाचे शरीर : एक आढावा

रायफल नेमबाजाच्या शरीराला चार ठिकाणी टेकते : खांदा, गाल, उजव्या हाताचा पंजा आणि डाव्या हाताचा तळवा. या चारही ठिकाणी ती टेकते ती दस्त्याने. नळी, ट्रिगर आणि साइट कारखान्यातून तयार होऊन येतात आणि सगळ्यांसाठी साधारण सारख्याच असतात. शरीर मात्र प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाची मान लांब, कोणाचे खांदे अरुंद, कोणाचा हात आखूड. हा फरक भरून काढण्याची मुख्य जागा रायफलवर एकच, ती म्हणजे दस्ता. रेंजवर त्याला स्टॉक म्हणतात.

दस्ता न जुळण्याची किंमत किती, हे साध्या गणिताने समजते. एअर रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर पुढचे टोक एक मिलिमीटर हलल्यावर दहा मीटरवर छर्रा साडेबारा मिलिमीटर सरकतो. एअर रायफलच्या लक्ष्यावर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचे अंतर अडीच मिलिमीटर असते आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणजे टोकाला एका मिलिमीटरचा हेलकावा बसला की पाच गुण गेले. इतकी स्थिरता मनगटाच्या ताकदीने येत नाही. स्नायू थकतो आणि थकला की थरथरतो. हाड थकत नाही. रायफलचे वजन हाडांवरून खाली जमिनीत उतरावे, डोके सहज टेकावे आणि डोळा आपोआप साइटसमोर यावा, ही तीन कामे दस्त्याने करायची असतात. दस्ता जुळवण्याचा सगळा विचार या तीन कामांभोवती फिरतो.

जुन्या बंदुकांपासून आजपर्यंत

हिंदुस्थानातल्या तोड्याच्या बंदुकांचा दस्ता सरळ आणि अरुंद असे. युरोपातल्या बंदुकांचा दस्ता मागे खाली झुकलेला आणि खांद्याशी रुंद होत गेला, त्यामुळे डोळा नळीच्या रेषेत आणणे सोपे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश बंदूक कारागीर गिऱ्हाइकाचे माप घेण्यासाठी सांधे असलेली चाचणीची बंदूक वापरू लागले. तिचा दस्ता लांब-आखूड करता येई, वरखाली आणि डावीकडे-उजवीकडे वळवता येई. गिऱ्हाइकाला जिथे बरे वाटे तिथे स्क्रू घट्ट करून ते माप लाकडात उतरवले जाई. ही पद्धत मुख्यतः शॉटगनसाठी होती. शॉटगनला मागची साइट नसते, नेमबाजाचा डोळाच ते काम करतो. म्हणून तिथे गाल दोन-तीन मिलिमीटर वर बसला तरी मार वर जातो.

सैन्याला प्रत्येक शिपायाचे माप घेणे शक्य नव्हते, पण शरीरे वेगवेगळी असतात हे सैन्यानेही मान्य केले होते. भारतात पोलिसांच्या आणि एनसीसीच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ली-एनफिल्ड थ्री-नॉट-थ्री रायफलचा लाकडी बट (दस्त्याचा खांद्याकडचा भाग) बँटम, शॉर्ट, नॉर्मल आणि लाँग अशा चार लांबीत बनत असे. एका मापापासून दुसऱ्यात अर्ध्या इंचाचा फरक असे आणि लांबीची खूण म्हणून बटावर अक्षर ठोकले जाई. आजच्या लष्करी रायफलींमध्ये हेच काम सरकत्या दस्त्याने होते. अमेरिकी एम-४ आणि भारतात तयार होणारी एके-२०३ या दोन्हींचा बट लांब-आखूड करता येतो. इन्सासचा दस्ता मात्र ठरलेल्या लांबीचाच असतो.

स्पर्धेच्या रायफलींनी दुसरी वाट धरली. विसाव्या शतकात अंगठ्यासाठी भोक असलेले, हवे तसे कोरलेले लाकडी दस्ते आले. नंतर गालाचा आणि खांद्याचा भाग सरकता झाला, आणि पुढे संपूर्ण दस्ताच ॲल्युमिनियमचा झाला. आज ॲन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या रायफलींमध्ये जवळजवळ प्रत्येक भाग स्क्रूने हलवता येतो. ॲल्युमिनियमचा आणखी एक फायदा आपल्या हवेत लगेच जाणवतो. लाकूड पावसाळ्यात ओल धरते, फुगते, आणि नळी-दस्त्याची बैठक बदलू शकते. ॲल्युमिनियमला ही अडचण नाही. मुंबईत वरळीसारख्या समुद्रकाठच्या रेंजवर सराव करणाऱ्यांना हा फरक विशेष मोलाचा.

दस्त्याचे भाग आणि त्यांचे माप

पहिले माप लांबीचे, म्हणजे बटप्लेटच्या (बटाच्या खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या) मध्यापासून ट्रिगरपर्यंतचे अंतर. कोपर काटकोनात वाकवायचे, बट कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचा आणि बोट ट्रिगरला पोहोचते का ते बघायचे, ही जुनी कसोटी अजून शिकवली जाते. ती ढोबळ अंदाजापुरती ठीक आहे. तिच्यात फक्त हाताची लांबी मोजली जाते. मान, खांद्याची रुंदी, छाती आणि शूटिंग जॅकेटची जाडी हिशेबात येत नाही. दस्ता फार लांब असेल तर रायफलचे वजन पुढे जाते, उजवा हात ताणला जातो आणि तोल सांभाळायला नेमबाज कमरेतून जास्त मागे झुकतो. फार आखूड असेल तर मागची साइट चेहऱ्याच्या अगदी जवळ येते, कोपर आवळले जाते आणि श्वास घेताना छातीला जागा पुरत नाही.

दुसरे माप बटप्लेटच्या उंचीचे. रायफल डोळ्यापर्यंत वर आली पाहिजे. डोके रायफलपर्यंत खाली जाता कामा नये. लांब मानेच्या नेमबाजाची बटप्लेट खाली सरकवावी लागते, म्हणजे बट खांद्याच्या खळग्यातच राहतो आणि नळी वर येते. बटप्लेट थोडी तिरपी फिरवता आली तर ती खांद्याच्या उतारावर सपाट बसते आणि प्रत्येक गोळीला त्याच जागी येते.

तिसरे माप गालाचे, आणि बहुतेक दुर्लक्ष होते ते इथेच. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोंचे असते. ते पेलायला चीकपीस, म्हणजे गाल टेकण्याची जागा, असते. चीकपीस खाली असेल तर मान लटकत राहते आणि काही मिनिटांत मानेचे स्नायू ताणतात. उंच असेल तर गाल दाबला जातो आणि नेमबाज नकळत डोके मागे खेचतो. नेमबाज भुवयांखालून वर बघत असेल तर डोळा लवकर थकतो. डोके एका बाजूला कलले तर आतल्या कानातल्या संतुलनाच्या संवेदनेवर परिणाम होतो आणि उभ्या पवित्र्यात शरीर डुलू लागते. म्हणून चीकपीसची उंची आणि बाजूची सरक अशी जुळवावी की डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले, तर पुढच्या साइटचे वर्तुळ मागच्या साइटच्या भोकात मधोमध दिसले पाहिजे.

चौथे माप ग्रिपचे, म्हणजे उजव्या हाताच्या मुठीचे. मनगट सरळ आणि सैल असावे. तर्जनीचे पहिले पेर ट्रिगरवर काटकोनात पडावे आणि बोटाचा बाकीचा भाग दस्त्याला घासू नये. घासला की ट्रिगर सरळ मागे न जाता तिरपा ओढला जातो आणि गोळी बाजूला जाते. लहान पंजाच्या नेमबाजाला ट्रिगर मागे घ्यावा लागतो, मोठ्या पंजाच्या नेमबाजाला पुढे.

पाचवा भाग पुढचा, डाव्या हातावर टेकणारा. उभ्या पवित्र्यात डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि त्यावर हात खांबासारखा उभा राहतो. या खांबाची उंची हाताच्या लांबीवर ठरते. हात आखूड असेल तर तळवा आणि दस्ता यांच्यात राहिलेली फट दस्त्याचा पुढचा भाग खाली आणून भरावी लागते. ती तशीच ठेवली तर नेमबाज खांदा उचलून भरून काढतो, आणि उचललेला खांदा म्हणजे काम करणारा स्नायू.

तीन पवित्रे, तीन मापे

पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात नेमबाज गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेम धरतो. तिन्हींत शरीराची ठेवण वेगळी, म्हणून दस्त्याचे मापही वेगळे. झोपून नेम धरताना डोके पुढे झुकते, दोन्ही कोपरे जमिनीवर असतात आणि दंडावरच्या स्लिंगमुळे (पट्ट्यामुळे) रायफल खांद्याकडे ओढली जाते. इथे दस्ता सर्वसाधारणपणे लांब लागतो आणि बटप्लेट वर घ्यावी लागते. उभ्या पवित्र्यात दस्ता आखूड, बटप्लेट खाली आणि चीकपीस पुन्हा जुळवलेले असते. गुडघ्यावर बसताना डावे कोपर गुडघ्यावर आणि उजवी टाच शरीराखाली असते, त्यामुळे तिथले माप दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येते. हा फरक प्रत्येकाच्या शरीरावर ठरतो, दुसऱ्याची मापे उतरवून घेऊन चालत नाही.

पन्नास मीटर प्रकारात बटला काखेखाली अडकणारा आकडा लावता येतो, उभ्या पवित्र्यात पाम रेस्ट (तळव्यावर टेकणारा आधार) वापरता येते आणि झोपून व गुडघ्यावर बसून नेम धरताना स्लिंग वापरता येते. झोपून नेम धरताना डाव्या हाताचा पुढचा भाग जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोन करू शकत नाही. दहा मीटर एअर रायफलमध्ये फक्त उभा पवित्रा असतो. तिथे आकडा आणि पाम रेस्ट दोन्हींना मनाई आहे. रायफलचे वजन ५.५ किलोंपेक्षा जास्त चालत नाही, दस्त्याच्या पुढच्या भागाची खोली नळीच्या मध्यरेषेपासून १२० मिलिमीटरपर्यंत आणि बटाचा सर्वांत खालचा बिंदू २२० मिलिमीटरपर्यंतच खाली जाऊ शकतो. जॅकेटची जाडीही एका पदरात २.५ मिलिमीटरपर्यंतच मर्यादित आहे. म्हणून दस्ता जुळवताना नेमबाज स्पर्धेच्याच पोशाखात असला पाहिजे. सुती शर्टावर घेतलेले माप जॅकेट घातल्यावर चुकते.

महाराष्ट्रातला अनुभव

रायफल नेमबाजीत महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत यांनी सिडनी २००० ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, म्हणजे ४० पैकी ४० छर्रे दहाच्या वर्तुळात. दोघींचे हे यश एअर रायफलच्या उभ्या पवित्र्यातले आहे, जिथे दस्त्याचा प्रत्येक मिलिमीटर परत परत त्याच जागी यावा लागतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर झोपून नेमबाजीत ५९७ गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरोला दहा मीटर एअर रायफलचे जागतिक सुवर्ण जिंकले.

तिन्ही पवित्र्यांचा पूर्ण कस लागतो तो थ्री पोझिशनमध्ये. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकी कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पात्रता फेरीत त्यांचे एकूण गुण ५९० होते : गुडघ्यावर १९८, झोपून १९७ आणि उभे राहून १९५. उभ्या पवित्र्यात बहुतेकांचे गुण कमी पडतात, कारण तिथे शरीराला टेकायला जमीन नसते आणि स्थिरता सांगाड्यावर व दस्त्याच्या जुळणीवर सर्वांत जास्त अवलंबून असते. अंतिम फेरीत एका पवित्र्यातून दुसऱ्यात जायला मोजकी मिनिटे मिळतात. त्या वेळात बटप्लेट, चीकपीस, स्लिंग आणि हँडस्टॉप (डावा हात पुढे सरकू न देणारा अडसर) बदलून परत अचूक जागी बसवावे लागतात. ही मापे आधी ठरलेली आणि दस्त्यावर खूण करून ठेवलेली असली तरच हे शक्य होते. कुसाळे यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे या स्वतः अथेन्स २००४ मध्ये भारताकडून खेळलेल्या रायफल नेमबाज आहेत.

अपंगत्व असलेल्या नेमबाजांसाठी दस्ता आणखी वेगळा विचार मागतो. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलमध्ये चौथे आले. बसून नेम धरणाऱ्याच्या शरीरात पाय आणि कंबर तोलाला मदत करत नाहीत. सगळा भार धडावर येतो, म्हणून बट आणि पुढचा भाग यांची जुळणी उभ्या नेमबाजापेक्षा वेगळ्या पायावर करावी लागते.

सामायिक रायफलची अडचण

वरची सगळी उदाहरणे स्वतःच्या मापाची रायफल असलेल्यांची आहेत. राज्यातल्या बहुसंख्य मुलामुलींचा रायफलशी पहिला संबंध असा येत नाही. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या धरणामुळे ओळखले जाणारे येलदरी असो की मराठवाड्यातले दुसरे गाव, तिथल्या तरुणाच्या हातात रायफल बहुधा एनसीसीत नाहीतर पोलीस भरतीनंतरच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा येते. शेजारच्या हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे, आणि भागातल्या अनेक घरांतून त्या दिशेने पावले पडतात. या ठिकाणी रायफल सामायिक असते. एकाने ठेवली की दुसरा उचलतो.

शरीरांतला फरक मात्र मोठा असतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी किमान उंची १६५ सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी १५५ सेंटिमीटर आहे. १५५ सेंटिमीटर उंचीची तरुणी आणि १८० सेंटिमीटर उंचीचा तरुण एकाच लांबीच्या बटाने नेम धरतात, तेव्हा तरुणीला डोके पुढे ताणावे लागते आणि बट खांद्याच्या खळग्यातून दंडाकडे सरकतो. मोठ्या काडतुसाच्या रायफलला धक्का असतो. तो खांद्याच्या मांसल भागाऐवजी दंडाच्या हाडावर बसला की लागते, आणि पुढच्या गोळीला शरीर आधीच आखडते. प्रशिक्षक याला भीती म्हणतात, पण अनेकदा कारण दस्त्याची लांबी असते. बटाची लांबी बदलता येत नसेल तिथे उभे राहण्याची दिशा बदलून, शरीर लक्ष्याकडे थोडे अधिक समोर वळवून आणि बट छातीच्या जवळ आणून हे नुकसान बरेच भरून काढता येते.

वाढत्या वयाची मुले हा आणखी एक प्रश्न. बारा वर्षांच्या पस्तीस किलोंच्या मुलाला पाच किलोंची एअर रायफल म्हणजे स्वतःच्या वजनाचा सातवा हिस्सा. ती उचलताना तो कमरेतून जास्त मागे आणि बाजूला वाकतो, आणि हीच सवय पुढे पाठदुखीला कारण ठरू शकते. मुलांसाठी हलक्या आणि आखूड दस्त्याच्या रायफली बनतात, तिथून सुरुवात करणे योग्य. उंची वाढत असताना माप दर काही महिन्यांनी परत तपासावे.

डावखुरेपणाही आधीच पाहावा लागतो. कोणता हात प्रबळ आहे यापेक्षा कोणता डोळा प्रबळ आहे ते महत्त्वाचे. दोन्ही तळव्यांनी छोटे छिद्र करून दूरच्या वस्तूकडे पाहावे आणि एकेक डोळा मिटून वस्तू कोणत्या डोळ्याला दिसते ते बघावे; तोच प्रबळ डोळा. डावा डोळा प्रबळ असलेल्याला उजव्या खांद्यावर रायफल दिली, तर त्याचे डोके चीकपीसवरून पलीकडे झुकत राहते आणि कितीही जुळवणी केली तरी गाल स्थिर बसत नाही.

जुळवणीचा क्रम

जुळवणी नेहमी रिकाम्या रायफलवर, ट्रिगरपासून बोट लांब ठेवून आणि सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) लावून करावी. सुरुवात शरीरापासून करावी, रायफलपासून नाही. नेमबाजाने हात रिकामे ठेवून पवित्रा घ्यावा. पायांमधले अंतर, कमरेचे वळण, डोक्याची सरळ ठेवण नीट झाली की मग रायफल हातात द्यावी. त्या डोक्याला आणि खांद्याला रायफल आणून लावायची. क्रम असा : आधी बटप्लेटची उंची, मग लांबी, मग चीकपीस, मग ग्रिप आणि ट्रिगर, मग पुढचा आधार. साइट सर्वांत शेवटी.

प्रत्येक वेळी एकच भाग बदलावा आणि त्याचे माप वहीत लिहावे. बटप्लेट किती मिलिमीटर खाली, चीकपीस किती वर, लांबी किती, हँडस्टॉप कुठे. दस्त्यावर पातळ पट्टीने खूण केली तर रायफल दुसऱ्याने वापरली तरी पाच मिनिटांत आपले माप परत येते. सामायिक रायफल वापरणाऱ्यासाठी ही वहीच स्वतःच्या रायफलची जागा भरून काढते. जुळवणी झाल्यावर डोळे मिटून, श्वास सोडून परत उघडावे. रायफल लक्ष्यापासून सरकली असेल तर ती हातांनी ओढून आणू नये, पाय हलवून आणावी. त्यानंतर काही दिवस गोळ्यांचे गुच्छ पाहावेत. एका दिवसाच्या गुच्छावरून निष्कर्ष काढू नये.

वादाचे मुद्दे

प्रशिक्षकांत दोन मते आढळतात. एका मताने नवशिक्याला आधी पवित्रा शिकवावा, दस्ता तसाच ठेवावा, नाहीतर तो प्रत्येक वाईट गोळीचे खापर स्क्रूवर फोडतो. दुसऱ्या मताने चुकीच्या मापाच्या रायफलवर शिकलेला पवित्रा नंतर मोडायला महिने लागतात. दोन्हींत तथ्य आहे. सुरुवातीला लांबी आणि चीकपीस ही दोन मापे बरोबर करून द्यावीत आणि बाकी सगळे पवित्रा स्थिर होईपर्यंत हात न लावता ठेवावे, हा मधला मार्ग दोन्ही अडचणी टाळतो.

फिनलंडमधील संशोधकांनी अव्वल एअर रायफल नेमबाजांच्या कामगिरीचे घटक तपासले. रायफल किती स्थिर धरली जाते आणि ट्रिगर दाबताना नळी किती कमी हलते, हे त्यातले प्रमुख घटक ठरले. दोन्ही घटक दस्ता शरीराला कसा बसतो याच्याशी सरळ जोडलेले आहेत. स्कॅटसारख्या ऑप्टिकल प्रशिक्षण यंत्राने नळीचा मार्ग पडद्यावर दिसतो, त्यामुळे चीकपीस दोन मिलिमीटर उचलल्यावर खरोखर फरक पडला की नुसता वाटला, हे तपासता येते.

महाग रायफल घेतल्याने ही जुळणी आपोआप होत नाही. लाखांच्या रायफलचे चीकपीस चुकीच्या उंचीवर असेल, तर मापात बसवलेली जुनी रायफल तिच्यापेक्षा बरी. लाकडी दस्त्याच्या जुन्या क्लब रायफलवरही बटाखाली लाकडाची चकती, गालाखाली फेल्ट आणि ग्रिपवर कापडी पट्टी लावून बहुतेक मापे बरीच जवळ आणता येतात. स्पर्धेपूर्वी ती नियमांत बसतात की नाही एवढे पाहावे. जिल्हा क्रीडा संकुले, एनसीसी पथके आणि पोलीस प्रशिक्षण केंद्रांनी प्रत्येक नेमबाजाच्या मापांची एक नोंद ठेवावी आणि रायफल हातात देताना ती मापे आधी लावावीत. त्यासाठी लागते एक मोजपट्टी, एक ॲलन की आणि एक वही, आणि नवी रायफल विकत घेण्याआधी करायचे काम हेच आहे.